खात्यापित्या घरची पोरगी

गरिबीत वाढलेल्या माणसानं लहानपणाबद्दल लिहायला घेतलं की वाचणारा भुकेची वाट पाहू लागतो, आणि माझी तिथंच पंचाईत होते. आमच्या घरात कोणी उपाशी झोपल्याचं मला आठवत नाही. उलट माय, बाबा आणि मी, आम्ही तिघंही चांगले गरगरीत होतो. भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेच्या कडेला, पंक्चरच्या दुकानामागं आमची दीड खोली होती. बाबा दारात उभे राहिले की आत अंधार व्हायचा. माय बाजेवर टेकली की बाज आधी कुरकुरायची, मग गप्प व्हायची, आणि ती गप्प झाली की जास्त भीती वाटायची. बारावीच्या वर्षी मी ब्याऐंशी किलोची होते. वर्गात एका बाकावर तिघी बसायच्या, माझ्या बाकावर मी धरून दोघी, आणि ती दुसरीसुद्धा बाईंनी सडपातळ पाहून दिलेली. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण पुढं गरिबीचा विषय निघाला की तुम्ही डोळ्यांसमोर कोणी भलतीच पोरगी आणाल.

बाबा हायवेवरच्या एका हॉटेलात तळणीवर होते. आलूबोंडा, समोसा, भजे, जिलबी, सगळं त्यांच्या हातचं. ट्रकवाले नागपूरकडून येताना खास थांबायचे. दिवेलागणीला बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं असायचं, आणि त्या कागदावरच्या बातम्या तेलानं पार आरपार दिसायच्या. दिवसभराचं उरलेलं तळण शेठ कामगारांना वाटून टाकायचे. फुकट. आमचं रात्रीचं जेवण म्हणजे रेशनच्या तांदळाचा भात, पातळ वरण आणि बाबांचं पुडकं. सकाळचा नाश्ता म्हणजे त्याच पुडक्यातलं राहिलेलं, तव्यावर गरम करून. मला ते फार आवडायचं, हे कबूल करते. शिळा बोंडा तव्यावर दाबून भाजला की त्याच्या कडा कुरकुरीत होतात आणि आतलं आलू गोडसर लागतं. आज इतक्या वर्षांनी, शुगरची गोळी घेतल्यावरसुद्धा, ते लिहिताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं आहे. नर्सबाई म्हणून उभा जन्म दुसऱ्यांना पथ्य सांगण्यात गेलेल्या बाईनं असं लिहू नये, पण लिहिलं.

माय बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. सकाळी बसली की दुपारी भात टाकायला उठायची आणि पुन्हा बसायची. तिच्या कात्रीचा कच-कच आवाज आणि बाहेर ट्रकांचे हॉर्न, हे आमच्या घरातलं संगीत. बसून बसून पाय सुन्न व्हायचे, भूक मरत नसायची, तेव्हा ती चहा करायची. काळा, दुधाशिवाय, पण साखर मात्र दोन चमचे भरून, कारण दूध विकत घ्यावं लागायचं आणि साखर रेशनवर मिळायची. असे दिवसात सात-आठ चहा. लग्नाआधी, कोंढ्याला माहेरी असताना, ती एवढी बारीक होती म्हणे की धानाच्या रोवणीच्या चिखलात तिचे पाय रुतायचे नाहीत. हे ती स्वतः सांगायची आणि मग आपल्या पोटाकडं बघून म्हणायची, "आता रुतली तं ट्रॅक्टर लावाले लागंन."

आमची ही तब्येत एकदा आम्हाला चांगलीच भोवली. गरीब घरांची यादी करायला एक गुरुजी वस्तीत आले होते. त्यांनी घर पाहिलं, छप्पर पाहिलं, मग आमच्या तिघांकडं पाहिलं आणि हसले. "तुम्ही तर खात्यापित्या घरचे दिसता," म्हणाले. मायला वाटलं कौतुक केलं. ती एवढी खूश झाली की तिनं त्यांना चहा दिला आणि चहाबरोबर गरम करून दोन बोंडेही दिले. गुरुजींनी ते खाल्ले, हात पुसले आणि आमचं नाव यादीतून गाळलं. बाजूच्या पंक्चरवाल्याचं नाव आलं. त्यात चूक काही नव्हती, तोही गरीबच होता. पण तो वाळका होता, त्याची गरिबी दिसायची.

बारावी झाली आणि भंडाऱ्याला नर्सच्या ट्रेनिंगसाठी माझं नाव लागलं. तुम्हाला वाटेल सेवेची आवड वगैरे होती. तसं काही नाही. हॉस्टेल मिळणार होतं, पुढं नोकरीची आशा होती आणि पांढरे कपडे घालून लोकांना दटावता येणार होतं. मला त्यातलं शेवटचं जास्त आवडलं होतं. फक्त मेडिकल राहिली होती. ती घ्यायला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, चष्मा लावलेल्या, बांधेसूद. मी वजनकाट्यावर उभी राहिले तेव्हा त्यांनी एकदा काट्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, मग वाकून काटा ठीक आहे का ते पाहिलं. दंडाला प्रेशरचा पट्टा बांधला तर तो पुरेना, दोनदा सुटला. तिसऱ्यांदा त्यांनी तो हातानं धरून ठेवला.

"या वयात एवढं प्रेशर?" त्या म्हणाल्या. "असं असेल तर मी फिट म्हणून सही करणार नाही. तीन महिने देते. वजन उतरव, प्रेशर खाली आण. नाहीतर ही जागा पुढच्या मुलीला जाईल." आणि त्यांनी ड्रॉवरमधून एक छापील कागद काढून दिला.

तो कागद मला अजून तोंडपाठ आहे. सकाळी भिजवलेले चार बदाम. नाश्त्याला दलिया, मलई काढलेलं दूध. अकरा वाजता एक सफरचंद. जेवणात काकडी, गाजर, टोमॅटो यांची मोठी वाटी, हिरवी पालेभाजी, दोन पोळ्या. सकाळ-संध्याकाळ पाऊण तास मोकळ्या हवेत भरभर चालणे. मन प्रसन्न ठेवणे. हे शेवटचं वाचून बाबा म्हणाले, "एवढं तं जमन." बाकीचं कसं जमायचं ते कोणाला माहीत नव्हतं. आमच्या घरात बाजाराच्या दिवशी आलू आणि कांदे यायचे, कारण ते आठ दिवस टिकतात. पालेभाजी एका दिवसात मान टाकते आणि शिजवली की मूठभर होते. तिच्यावर पैसे घालणं मायला पाप वाटायचं.

तरी मायनं कंबर कसली. बदामाऐवजी बाबांनी शेंगदाणे भिजवले आणि ते बदामाचे लहान भाऊ आहेत असं मला समजावलं. दलिया सापडला. दुधाची मलई काढायचा प्रश्न नव्हता, दूधवाला ती आधीच काढून आणायचा. खरी गंमत सफरचंदाची झाली. माय भंडाऱ्याहून दोन सफरचंदं घेऊन ऑटोतून उतरली आणि घरी पोचेपर्यंत तिला तिघींनी अडवलं, "काऊन वो, कोण आहे दवाखान्यात?" आमच्या वस्तीत सफरचंद फक्त आजाऱ्यासाठी यायचं. दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्याची बायको मला पाहायलाच आली. मी पाटावर बसून सफरचंद खात होते, गाल लालबुंद. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पोट्टीले काई झालं तं दिसत नाई."

चालण्याचं त्याहून अवघड. आमच्याकडं मोकळी हवा हायवेवरच होती. एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला नाली. मी पहाट सरल्यावर निघाले की पंधरा पावलांत ऑटो थांबायचा, "भंडारा, भंडारा, बस ताई!" नको म्हटलं की पुढचा थांबायचा. ओळखीचे काका स्कूटर थांबवून म्हणायचे, "कुठे जाऊन रायली बेटा? बस, सोडून देतो." कुठंच जात नाही, नुसतं चालते आहे, हे सांगायला मला भयंकर लाज वाटायची. एकदा तर एका काकांचा आग्रह मला मोडवेना. मी निमूट त्यांच्या मागं बसले, भंडाऱ्याला उतरले, नमस्कार केला आणि ऑटोनं परत आले. त्या दिवशी माझं चालणं झालं ते बसस्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आता त्याच रस्त्यावर बूट घातलेले लोक हातातल्या घड्याळावर पावलं मोजत जातात आणि त्यांना कोणी काही विचारत नाही. त्यांना पाहिलं की मला उगाच हेवा वाटतो.

आठवड्याभरात वस्तीत बोलणं सुरू झालं. जवान पोरगी रोज सकाळी एकटी हायवेवर जाते, परत येते, हातात ना दुधाचा गंज ना पिशवी. कोणाला भेटते? ते मायच्या कानावर आलं. तिनं कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "उद्यापासून म्या येतो तुह्यासंगं." आणि आली. पायात झिजलेली रबरी चप्पल, पदर कमरेला खोचलेला, गुडघे कुरकुरत. मी भरभर चालायची, ती मागं राहायची. मी वळून ओरडायची, "चाल ना माय, असं रांगून वजन उतरत नाई." ती मैलाच्या दगडावर बसायची, घाम पुसायची, पदरात बांधून आणलेल्या बाटलीतलं पाणी गटागटा प्यायची आणि पुन्हा उठायची. ऑटोवाल्यांना तीच उत्तर द्यायची, "नाई बाबा, आमी हवा खाऊन राहिलो. तुमच्याकडे हवा असंन तं सांगा." त्यानंतर ऑटो थांबायचे बंद झाले.

मी हळूहळू उतरू लागले आणि जसजशी उतरू लागले तसतशी असह्य होत गेले. बाबांचं पुडकं सुटलं की मी नाक मुरडून ताट घेऊन लांब बसायची. तेल शरीरात जाऊन काय करतं यावर भाषण द्यायची. सगळं त्या एका कागदावरून आणि थोडं मनानं. माझ्या ताटात काकडी, मेथी, लाल भाजी. मायच्या ताटात भात आणि बोंडा. "मंग कोण खाईन हे?" ती म्हणायची आणि माझ्या वाट्याचाही बोंडा स्वतःच्या भातावर ठेवायची. मी पाहत होते. रोज पाहत होते, आणि मला त्यात एवढंच दिसत होतं की आपल्या आईचा जिभेवर ताबा नाही आणि आपला आहे. माणूस किती थोड्या किलोंवर माजतो, याचा मी स्वतः पुरावा आहे.

तीन महिन्यांनी आम्ही दोघी भंडाऱ्याला गेलो. मायनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. दाराबाहेर चप्पल काढून ती भिंतीशी उभी राहिली. मी काट्यावर चढले. नऊ किलो उतरले होते. प्रेशरचा पट्टा पहिल्या झटक्यात बसला, आणि डॉक्टरीणबाईंनी दोनदा मोजून मान हलवली. "शाब्बास," म्हणाल्या. "कसं केलंस?" मी छाती काढून सांगायला सुरुवात केली, मनाची तयारी लागते, जिभेवर ताबा लागतो. त्या सही करता करता ऐकत होत्या. मग त्यांची नजर फरशीवर गेली. दारापासून भिंतीपर्यंत ओले, तांबूस ठिपके पडले होते.

"आई, पायाला काय झालंय?"

"काई नाई म्याडम. चप्पल लागली."

"कधी?"

"झाला असंन म्हयना."

मायच्या उजव्या पायाच्या करंगळीशेजारच्या बोटाला लुगड्याची चिंधी बांधलेली होती. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची सोडली, खाली बसल्या आणि स्वतः ती चिंधी सोडली. वास आला. मी तोंड फिरवलं. नर्स व्हायला निघालेली मी. महिनाभर ती माझ्यामागं त्या पायानं हायवेवर चालत होती. "दुखत नाही?" त्यांनी विचारलं. माय म्हणाली, "दुखतच नाई म्हणून तं पाह्यलं नाई." तिथंच तिच्या हाताच्या बोटातून रक्त घेतलं. आकडा पाहून डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "शुगर किती आहे माहीत आहे का? काय खाता तुम्ही?"

"घरी असते तेच," माय म्हणाली.

"घरी काय असतं?"

मायला ते सांगता येईना, म्हणून मी सांगू लागले, हुशार मुलीसारखी, बोटांवर मोजत. सकाळी काळा चहा आणि दोन बोंडे. दुपारी भात-वरण. मधे चहा. रात्री भात आणि बोंडे, तीन, कधी चार. चार म्हणताना माझं बोट तिथंच राहिलं. आधी ती दोन खायची. वरचे दोन माझे होते. जेवढं मी सोडलं होतं, तेवढं सगळं तिच्या ताटात गेलं होतं, रोज, तीन महिने, माझ्या समोर.

"काऊन खाल्लं तू माय?" मी विचारलं.

"फेकाचं का मंग?" ती साधेपणानं म्हणाली. "आन् भाजी एकीपुरतीच येत होती. अर्धी म्या खाल्ली असती तं तुहं वजन कसं उतरलं असतं?"

डॉक्टरीणबाईंनी सवयीनं ड्रॉवर उघडला, छापील कागद बाहेर काढला, आणि तो वरून खालपर्यंत वाचला. मग परत आत ठेवला. बोलून सांगू लागल्या. भात अर्धा करा. तळलेलं बंद. आलू बंद. चहात साखर बंद. माय लक्ष देऊन ऐकत होती, प्रत्येकावर मान हलवत होती. शेवटी तिनं खरोखर कळावं म्हणून विचारलं, "मंग राहिलं काय म्याडम?" त्यांनी माझा कागद माझ्याकडं सरकवला, सही केलेला, आणि मायला भरती करून घ्यायला सांगितलं.

चार दिवसांनी ते बोट काढावं लागलं. मी वॉर्डात तिच्या खाटेशी बसून ठरवलं की ट्रेनिंगला जायचं नाही, घरी राहून हिचं पाहायचं. तसं तिला सांगितलंही, डोळ्यांत पाणी वगैरे आणून. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तीन म्हयने मेथी कोणी खाल्ली? म्या? एवढी भाजी खाऊन तू घरी बसशीन तं पाह्य, एक पाय तं चांगला आहे माहा, लात मारीन." बाजूच्या खाटेवरची म्हातारी एवढी हसली की तिला खोकला लागला. मी गेले.

बाबांनी त्यांच्या परीनं एक केलं, ते सांगायला हवं. त्यांनी शेठना विचारलं की उरलेल्या तळणाऐवजी रोज थोडी कोबी, दोन काकड्या द्या, कच्च्या. शेठ वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, बोंडे न्या पाहिजे तेवढे, पण कोबी कशी देऊ, ती उद्याही वापरता येते. बाबांनी हे मला हॉस्टेलच्या फाटकाशी उभं राहून सांगितलं. त्यांना राग आला नव्हता, त्यांना ते बरोबरच वाटत होतं. मलाही त्यात चूक सापडेना आणि म्हणूनच मी त्या दिवशी हॉस्टेलच्या न्हाणीघरात जाऊन रडले. पुढं नोकरीत कितीतरी बायांना मी हात धरून सांगितलं, फळं खा, भाज्या खा, चाला. सांगताना मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायची. एकदा आंबागडहून आलेल्या एका बाईनं मला खालून वर न्याहाळून विचारलं होतं, "बाई, तुमी काय खाता?" मी तेव्हा ब्याऐंशीच्याही पुढं गेले होते, नोकरी लागल्यावर मला खायला कोणाच्या परवानगीची गरज उरली नव्हती. मी म्हटलं, "मी ऐकत नाही ना बाई, तुम्ही तरी ऐका." ती हसली आणि मग आम्ही दोघींनी बसून, तिच्या घरी काय येतं, परसात काय उगवतं, पावसाळ्यात तरोट्याची भाजी कुठं मिळते, असं पहिल्यापासून बोललो. वेळ लागला, मागं रांग ओरडत होती. पण तेव्हापासून मी आधी हेच विचारत आले, घरी काय येतं.

बोट काढल्यापासून मायला इन्सुलिनच्या सुया लागल्या होत्या. रोज दोनदा ती गावातल्या दवाखान्यात लंगडत जायची. ट्रेनिंगमधून पहिल्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा तिनं बाटली आणि सिरिंज माझ्यापुढं ठेवली. "आजपासून तू दे." आम्हाला तोवर फक्त संत्र्यावर सराव दिला होता. माणसाला मी कधी टोचलं नव्हतं आणि पहिलं माणूस ही. मी हात धुतले, पुन्हा धुतले, औषध भरलं, बुडबुडा काढला. बाबा दारात उभे होते, त्यामुळं आत नेहमीसारखा अंधार. मी त्यांच्यावर ओरडले तेव्हा ते बाजूला झाले. दंडावर द्यावं की मांडीवर, मी पुस्तक आठवत राहिले. मायनं थोडा वेळ वाट पाहिली. मग तिनं पदर बाजूला केला, पोटाची भली मोठी वळी दोन्ही हातांनी धरली आणि माझ्यापुढं केली.

"इथं दे वो. इथं जागाच जागा आहे."

मला हसू फुटलं. तीही हसायला लागली, आणि तिचं सगळं पोट हलायला लागलं. "हासू नोको माय, सुई कुठं टोचू?" मी म्हटलं. तिनं तोंड गच्च मिटलं, डोळे मिटले, श्वास धरला. मी टोचली.

"झालं?"

"झालं."

"काईच नाई लागलं." तिनं डोळे उघडले, लुगडं सारखं केलं, भिंतीला धरून उठली आणि दारात जाऊन पंक्चरवाल्याच्या बायकोला साऱ्या हायवेला ऐकू जाईल अशी हाक मारली, "ये वो, लवकर ये! माही नर्स आली, पाहून घे!"